तेरा ठिपके

११ जानेवारी

धाकट्या,

सुखरूप पोहोचलो. बसमध्ये मुंगी काचेला गाल लावून बसली, एकदाही किंचाळली नाही. शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, किती गुणी पोर आहे. मी म्हटलं, हो ना. तिला गुणी म्हणणारं माणूस वर्षातून एकदा भेटतं, त्याला कशाला खरं सांगा.

फोन करू नकोस, हे पुन्हा सांगते. घंटी वाजली की ती कान दाबून कपाटात जाऊन बसते आणि माझी अख्खी संध्याकाळ तिला बाहेर काढण्यात जाते. पत्र लिही. तुझी पाकिटं तिला हवी असतात. भिंतीलगत त्यांची ओळ लावली आहे, एकामागे एक, अगदी सरळ. सहा वर्षांच्या पोरीचं नाव आम्ही उगाच मुंगी पाडलेलं नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या मॅडमनी समजावलं ते मला कळलं ते असं. ऑटिझम असलेल्या मुलांच्या मेंदूची चित्रं आधी काढायची, मग सोळा आठवडे वागणुकीची थेरपी द्यायची, मग पुन्हा चित्रं काढायची. आणि थेरपी कोणाला लागू पडणार हे पहिल्या चित्रावरूनच ओळखता येतं का, ते बघायचं. थेरपी आमच्या इथल्या केंद्रात, आठवड्यातून चार सकाळी, आणि आईने पूर्ण वेळ हजर राहायचं. म्हणजे माझं शिवणाचं दुकान चार महिने बंद. हे बोटीवर, उन्हाळा संपेपर्यंत यायचे नाहीत. गिऱ्हाईक तोवर दुसऱ्या शिंपिणीकडे गेलेलं असेल.

तेही मी करीन. मुंगीने मला आजवर एकदाही आपणहून हाक मारलेली नाही. एक हाक, धाकट्या. त्यासाठी मी दुकानच काय, मशीनसुद्धा विकीन. पण होणारच नसेल तर तसं सांग. ते यंत्र तू चालवतोस, त्यात काय दिसलं ते तुला माहीत असणार.

आणखी एक. यंत्रातून बाहेर काढल्यावर ती म्हणाली, "आली." कोण आली विचारलं तर बूट चढवायला बसली. तिची भाषा उलटी, तुला माहीतच आहे. "तुला पाणी हवं" म्हणजे हिला पाणी हवं, "तू पडलीस" म्हणजे ही पडली. मी कापड उलटून शिवावं तसं तिचं बोलणं उलटून घेते. पण "आली" कसं उलटवायचं?

ताई

१९ जानेवारी

ताई,

नमस्कार तुला, आणि मुंगीला लांबूनच टाटा, तिला आवडतो तसा. पाकीट मुद्दाम खाकी घेतलं आहे, ओळीत खपतं का बघ.

पुढचं सांगायची मला परवानगी नाही, म्हणून पत्र वाचून फाडून टाक. पाकीट मात्र फाडू नकोस.

यंत्रात झोपलेल्या मुलांना आम्ही दोन प्रकारच्या फिती दाखवतो. काळ्या पडद्यावर तेरा पांढरे ठिपके. माणसाच्या डोक्याला, खांद्यांना, कोपरांना, मनगटांना, कमरेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्यांना, घोट्यांना छोटे दिवे चिकटवायचे, बाकी अंधार करायचा आणि त्याला चालायला लावायचं. दिसतात फक्त दिवे, पण ते हलले की लगेच कळतं, अरे, हा माणूस चालतोय. ही पहिल्या प्रकारची फीत. दुसरीत ठिपके तेवढेच, हलतातही तसेच, पण त्यांच्या जागा विस्कटलेल्या. घोटा डोक्याच्या जागी, मनगट भलतीकडे. त्यात माणूस दिसत नाही. मी आठ वर्षं रोज बघतोय, मला कधी दिसला नाही.

माणूस दिसला की मेंदूतला, कानाच्या मागे वरच्या अंगाला असलेला एक भाग जागा होतो. तो ज्यांचा जास्त जागा होतो त्या मुलांना थेरपी जास्त लागू पडेल, असा मॅडमचा अंदाज आहे.

मुंगीचं उलटं आलं. चालणाऱ्या माणसांसमोर तो भाग झोपल्यासारखा. विस्कटलेले ठिपके आले की टक्क जागा, आठच्या आठ वेळा. मॅडमना वाटलं मीच फितींची अदलाबदल केली. त्यांनी नोंदवही बोट लावून पुन्हा वाचली. अदलाबदल नव्हती.

मॅडमनी अंदाजाच्या कागदावर लिहिलं: उपयोगाची शक्यता कमी. भाऊ म्हणून विचारशील तर मला काहीच ठरवता येत नाही. यंत्राला मुंगी कुठे ठाऊक आहे? तरी कुलूप लावण्याआधी दोनदा विचार कर.

"आली"चं म्हणशील तर यंत्र थांबलं की आतला दिवा लागतो. वीज आली, एवढंच असेल.

तुझा
धाकटा

९ फेब्रुवारी

धाकट्या,

शक्यता कमी म्हणजे शून्य नव्हे. दोनदा विचार केला आणि दोन्ही वेळा कुलूपच लावलं. खाकी पाकीट खपलं.

इथल्या थेरपीत फार काही गूढ नाही. मुलाला जे हवं ते समोर धरायचं आणि थांबायचं. त्याने मागितलं, कसंही मागितलं, की ताबडतोब द्यायचं. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या सकाळी तुझं पाकीट उंच धरलं. पंचवीस मिनिटं. मुंगी लोळली, भिंतीवर टाचा आपटल्या, माझा जीव टांगणीला लागला. शेवटी म्हणाली, "पा." बाईंनी पाकीट दिलं आणि मी रडायला लागले, तर त्यांनी माझ्यावरच डोळे वटारले. दुसऱ्या दिवशी "पाकी". आता पंधरा दिवसांत "तुला पाकीट दे" इथवर आलो आहोत. उलटं का होईना, मागते.

पण तिच्या चालण्याला काहीतरी झालंय. त्या यंत्रातून आल्यापासूनच. दुकानाच्या गल्लीपासून घरापर्यंत ती तीन पावलं टाकते आणि थांबते. पुन्हा तीन, पुन्हा थांबते. अंग डावीकडे कललेलं. मी नवा फ्रॉक शिवला, काठ पट्टीने मोजून सरळ घेतला, आणि तो घालून ती जिना चढायला लागली तर काठ डावीकडे लोंबतोय. वर जाऊन काढला, मोजला, सरळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

असा काठ मी आयुष्यात एकाच बाईचा दुमडलाय, डावीकडे अर्धा इंच जास्त. आईचा. तिची ती दुखरी कंबर, ती तीन पावलं आणि तो थांबा. मुंगीने आईला कधी पाहिलेलं नाही. आई गेली तेव्हा मला पाचवा महिना होता. आईची एक फीत नाही, व्हिडिओ नाही, फोटोत ती बसलेलीच आहे. मग ही चाल हिला कोणी दाखवली?

जिन्यात तर कहरच. तीन मजले आणि लिफ्ट नाही, तू दर वेळी शिव्या घालत चढतोस तोच जिना. दुसऱ्या वळणावर खिडकीखाली कट्टा आहे, तिथे आली की म्हणते, "तू दमलीस. बस जरा." म्हणजे ही दमली. मी कट्ट्यावर बसवते तर बसत नाही. मग उचलून वर नेते. तेव्हा मात्र माझ्या खांद्यावरून मागे बघत किंचाळते, ती दार लावेपर्यंत.

ताई

१७ फेब्रुवारी

ताई,

"पा"चं वाचून फार बरं वाटलं.

चालण्याचं मनावर घेऊ नकोस. मुलं कुठूनही काहीही उचलतात. हाडांच्या डॉक्टरांना दाखव. जिन्यावरून तिला उचलत जाऊ नकोस, पाठ धरेल. आईचा विषय तिच्यासमोर काढू नकोस.

इकडे थंडी अजून आहे. मला नवी खुर्ची मिळाली, चाकांची, फिरणारी. मॅडम चहात आता साखर घेत नाहीत. पाकीट या वेळी निळं पाठवतोय.

तुझा
धाकटा

१६ मार्च

धाकट्या,

चाकांची खुर्ची, मॅडमची साखर. लहानपणी तू काचेची बरणी फोडलीस तेव्हाही दिवसभर असाच गोडगोड बडबडत होतास. काय लपवतोयस?

आधी चांगलं सांगते. शिकवणाऱ्या बाई मोजतात. पहिल्या आठवड्यात मुंगीने एका सकाळी चार वेळा काहीतरी मागितलं होतं, परवा सेहेचाळीस वेळा. आणि मी-तूचा घोळ सुटला. "मला पाणी दे" म्हणाली. मला! मी पेलाभर सांडलं. आता चुकत नाही, मला म्हणजे तिलाच, तुला म्हणजे समोरच्याला. फक्त एका जागी अजून चुकते, जिन्यावर. तिथे तेच, "तू दमलीस. बस जरा." बाई म्हणाल्या, जुनी सवय कधीकधी जागेला चिकटून राहते, जाईल. हाक मात्र अजून नाही. सगळं मागते, पण मला कोणीच म्हणत नाही. उरलेल्या आठवड्यांत ती एक गोष्ट व्हायला हवी.

हाडांच्या डॉक्टरांनी तिला त्यांच्या लांबलचक व्हरांड्यात चालवून बघितलं. सरळ चालली, न थांबता. पाय सारखे, कंबर ठीक. डॉक्टर माझ्याकडेच बघायला लागले, म्हणाले, तुम्हाला झोप लागते ना? आणि तिथून निघून आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो, की तीन पावलं आणि थांबा.

मला भीती वाटते, हे कागदावर लिहून टाकते. बाकावर बसली की डावीकडे जागा सोडते. दार ओढून घेताना क्षणभर धरून ठेवते. मला माझी मुलगी हवी आहे रे, तिच्यातून दुसरं कोणी यायला नको. आई तर नकोच.

असं का म्हणते ते तुला माहीत नाही. आई ह्यांना "दाराशी नुसती चप्पल असलेला नवरा" म्हणाली होती, म्हणून मी चिडले होते. बाळंतपणाला येते म्हणून तिचं पत्र आलं, त्यावर मी एका ओळीचं उत्तर पाठवलं. "येऊ नकोस." पुढे मागे काही नाही. त्यानंतर महिनाभरात ती गेली. मी लिहिलेले तेच शेवटचे शब्द. ते परत घ्यायला माणूसच उरलं नाही.

ताई

२५ मार्च

ताई,

दोन गोष्टी लपवल्या. दोन्ही सांगतो.

पहिली. आठ वर्षांपूर्वी मी इथे नवीन होतो तेव्हा आम्हाला फितींसाठी चालणारी माणसं हवी होती. आई माझ्या विसरलेल्या किल्ल्या द्यायला आली आणि मॅडमनी तिलाच पकडलं. काळा अंगरखा घातला, तेरा दिवे चिकटवले. आई म्हणाली, मला काय रोषणाई करून बसवताय की काय. मग चालली, तिच्या त्या चालीने. मॅडम म्हणाल्या, ही चाल नेहमीसारखी नाही, चालणाऱ्या माणसाच्या फितीत घेता येणार नाही. पण ठिपके वाया कशाला घालवायचे? विस्कटल्यावर चाल कोणाची होती याला काय अर्थ आहे, म्हणून दुसऱ्या प्रकारची फीत त्यांनी आईच्या ठिपक्यांची केली. मी ते विसरूनही गेलो होतो. तुझं फेब्रुवारीचं पत्र आल्यावर जुनी नोंदवही काढली, तेव्हा आठवलं. मुंगीने बघितली ती आई आहे. पण शंभर जागी विस्कटलेली. पत्र आल्यापासून मी ती फीत किती वेळा लावून बघितली असेल, मला तिच्यात आई दिसत नाही. माझीच आई, आणि मला दिसत नाही.

दुसरी. तुझं एका ओळीचं पत्र मला माहीत होतं. आईने दाखवलं होतं. आणि ते आल्यावर चौथ्या दिवशी ती एकटी बसने तुझ्याकडे आली होती. जिना चढली, दुसऱ्या वळणापर्यंत. तिथल्या कट्ट्यावर तासभर बसली. वरून तुझ्या मशीनचा आवाज येत होता म्हणाली. वरच्या बारा पायऱ्या काही तिला चढवल्या नाहीत. कंबर म्हणाली ती. कंबर नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. उतरून परत आली आणि मला म्हणाली, "तिला सांगू नकोस, जिवाला लावून घेईल. बाळ झालं की जाईन."

पंधरा दिवसांनी ती गेली. मी तिला शब्द दिला होता, आणि नंतर तुला सांगण्याची हिंमत झाली नाही. तू मला हवं ते बोल.

धाकटा

२४ मे

ताई,

तुझं दोन महिने पत्र नाही. परवा मुंगीच्या दुसऱ्या तपासणीला आलीस तेव्हाही माझ्याशी कामापुरतंच बोललीस. बरोबरच आहे. तरी निकाल तुला मीच कळवणार.

मॅडमचा अंदाज सपशेल चुकला. बारा मुलांत सगळ्यांत जास्त फरक मुंगीत आहे. चालणारी माणसं बघून तिच्या मेंदूतला तो भाग आता छान जागा होतो. मॅडम खूश आहेत, अंदाज चुकला म्हणून तर जास्तच खूश, त्यांचं तसंच असतं.

आता जे अहवालात नाही ते. मॅडमना सांगून मी आईची फीत या वेळी काढून टाकली होती. दुसरी तयार नव्हती, म्हणून त्या आठ जागा नुसत्या काळ्या ठेवल्या, बारा बारा सेकंद. काळ्या पडद्यावर एकही ठिपका नाही. त्या आठही जागी तिच्या मेंदूतला तो भाग जागा झाला, जानेवारीपेक्षा जास्त. मॅडम म्हणाल्या, यंत्र बिघडलं. दुरुस्तीवाले येऊन गेले. काही बिघडलेलं नाही.

मला काचेतून तिचे पाय दिसत होते. त्या यंत्रातली फळी अरुंद असते. दर वेळी पडदा काळा झाला की ती पाय उजवीकडे सरकवून घ्यायची. बारा सेकंदांनी पुन्हा मध्ये. शेजारी कोणाला टेकायला जागा करून द्यावी तसे. मी आठ वर्षांत पहिल्यांदा भर सकाळी त्या खोलीतून उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

निघताना ती मला म्हणाली, "मामा, आम्ही येतो." मला पहिल्यांदाच मामा म्हणाली. आम्ही म्हणजे तू आणि ती, असं मी धरलं. तू तेव्हा खाली रिक्षा बघायला गेली होतीस, हे मला नंतर आठवलं.

धाकटा

२ जून

धाकट्या,

रागावले होते. तुझ्यावर थोडी, बाकी स्वतःवर. तुझं मार्चचं पत्र आल्यापासून मला त्या कट्ट्याकडे बघवत नव्हतं. मुंगीला उचलायचं आणि डोळे मिटून वर जायचं. ती मागे बघून किंचाळायची, मी दार लावून घ्यायची.

काल दुकान पुन्हा उघडलं. दुपारी घरी आलो. दुसऱ्या वळणावर ती थांबली आणि म्हणाली, "तू दमलीस. बस जरा." मी वाकले उचलायला. मग मनात आलं, अडीच महिन्यांत ही पोर मी-तू एकदाही चुकलेली नाही. इथेच कशी चुकेल? मी विचारलं, "तू दमलीस का मुंगे?"

ती म्हणाली, "मी नाही."

माझ्याकडे बघत नव्हती. कट्ट्याकडे बघत होती.

मग मी तिच्या खांद्याकडे बघितलं. वीस वर्षं शिवणकाम करते आणि मला हे दिसू नये. काठ लोंबतो तो नेहमी कमरेमुळेच असं नाही, खांदा दबला तरी लोंबतो. तिचा डावा खांदा दबलेला होता, वरून कोणी हात ठेवून भार टाकावा तसा, आणि त्याच्याखाली फ्रॉकला सुरकुत्या पडल्या होत्या. ही आईसारखी चालत नव्हती रे. आईला आधार देत चालत होती. तीन पावलं झाली की तिच्यासाठी थांबत होती. आणि रोज मी तिला अर्ध्या जिन्यातून उचलून नेत होते आणि दार लावून घेत होते.

मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू. पण मी तिला उचललं नाही. एकटीच वर गेले, दार सताड उघडलं आणि मशीनपाशी जाऊन बसले. मशीन चालवलं नाही.

खालून मुंगीचा आवाज आला, "चल. थोडंच राहिलं." मग पावलं. तीन, आणि थांबा. तीन, आणि थांबा. मी मोजत होते. बारा पायऱ्या, चार थांबे. चौथ्या थांब्याला ती उंबऱ्यात उभी होती, डावा खांदा खाली, डोळे सरळ माझ्या डोळ्यांत. असं ती कधी बघत नाही. आणि आपणहून, कोणी काही समोर धरलेलं नसताना, म्हणाली,

"आई आली."

आई, आली? की, आई आली? मला हाक मारली, की कोण आलं ते सांगितलं? मध्ये थांबली होती की नाही ते मी रात्रभर आठवतेय आणि मला आठवत नाही. सहा वर्षं ज्या एका शब्दासाठी थांबले तो आला, आणि तो माझा की तिचा, हे मला कळलेलं नाही.

मी म्हटलं, "ये."

मुंगी आत आली. उंबरा ओलांडला तसा तिचा खांदा वर आला आणि फ्रॉकचा काठ सरळ झाला.

ताई